रुई थुंकणारी गाडी

मी एक जुना पंखा आहे. मान वर करून छताकडे पाहू नका मित्रांनो, मी तिथे नाही. मी किसनरावांच्या पांढऱ्या मोटारीच्या नाकात राहतो. समोर जाळी, जाळीमागे रेडिएटर आणि रेडिएटरच्या पाठीला चिकटून मी. अठरा वर्षे झाली. इतक्या वर्षांत मला पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतली बहुतेक पान्हा हातात घेऊनच भेटायला आली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझे आणखी चारशे भाऊ जन्मले. एवढ्या लेकरांची नावे कोण ठेवणार? सगळ्यांना नंबर दिले. पुढे कोण कुठल्या गाडीत गेला, कळले नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात आलो, दिग्रसजवळच्या एका खेड्यात, किसनरावांच्या अंगणात. भागीरथाबाईंनी गाडीला हळदकुंकू लावले, नारळ फोडला, आणि आठ वर्षांची निशिगंधा हॉर्न वाजवत बसली ती जेवायलाच उठली.

माझे काम सोपे आहे. इंजिन तापते. त्याच्या अंगातून पाणी फिरते आणि उष्णता घेऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते. तिथे ते थंड होते आणि पुन्हा कामावर जाते. थंड कोण करतो? वारा. गाडी पळत असली की वारा आपणहून समोरून शिरतो, तेव्हा मी आराम करतो. पण गाडी गर्दीत अडकली की वारा थांबतो. अशा वेळी समोरची हवा ओढून आत घेणे हे माझे काम. मोठे साहेब गर्दी जमली की आत जातात आणि मी गर्दी जमली की कामाला लागतो, एवढाच आमच्यात फरक.

आणि गर्दी म्हणजे कोणती! दिवाळीनंतर दिग्रसच्या जिनिंगबाहेर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याबाहेर, कापसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर, मेटॅडोर, बैलगाड्या, सगळ्यांच्या पोटातून कापूस बाहेर आलेला, हवेत रुई तरंगणारी. त्या रांगेतून बाजारात जायचे तर पाऊण तास कुठे गेला नाही. सतरा वर्षे मी ती रांग काढली. किसनराव शेजारच्याला गाडीतला तापमानाचा काटा दाखवून म्हणायचे, "पाह्य, अर्ध्याच्या वर जाते का? नाई जात." कौतुक काट्याचे व्हायचे. काम माझे होते. पण मी कधी तक्रार केली नाही, कारण मला तोंड नव्हते.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मित्रांनो. पुढे जे घडले त्यातला चोर मीच आहे. फरक इतकाच की चोराला स्वतःलाही पत्ता नव्हता.

गेल्या दसऱ्यानंतर पहिल्या वेचणीचा कापूस घरी आला आणि गाडीशेजारच्या खोलीत भरला. सरकीच्या वासाने एक उंदीर आला. रोज सरकी खाऊन कंटाळला असेल, त्याने माझ्या दोन्ही वायरी कुरतडल्या. सकाळी किसनरावांनी बॉनेट उघडले तेव्हा वायरींची टोके लोंबत होती. दोन्ही काळीकुट्ट झालेली. कोणती कुठली, ते उंदरालाच विचारावे लागले असते.

"मिस्त्रीकडं नेता का?" भागीरथाबाईंनी विचारले.

"मिस्त्री कायले? जिंदगी गेली माही मोटरी जोडण्यात."

हे खरे होते. गावात कोणाच्याही विहिरीवरची मोटर बंद पडली की किसनरावांना बोलावणे यायचे. त्यांनी दातांनी वायरी सोलल्या, पीळ दिला, काळी टेप गुंडाळली आणि इंजिन सुरू केले. दहा मिनिटांनी ते तापले आणि मी फिरू लागलो. पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात!

"ऐक, कसा गर्रऽऽ फिरते!" किसनराव म्हणाले.

मला मात्र त्या दिवशी जरा वेगळे वाटले. एरवी समोरची हवा रेडिएटरमधून माझ्याकडे यायची. आता पाठीमागून, इंजिनाकडून, गरम झोत येतोय असे वाटत होते. म्हटले, हवामान बदलत असेल. सगळे तेच म्हणतात.

मग साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस उजाडला. निशिगंधा आता नर्स झाली होती आणि वणीकडे राजूरजवळच्या आरोग्य केंद्रात होती. मुकुटबनच्या नयनशी तिचे लग्न ठरले होते. नयनची आत्या बिजलीबाई एसटीने दिग्रसला येणार होत्या आणि किसनराव त्यांना घ्यायला गेले. परत येताना आम्ही रांगेत अडकलो. मी जीव तोडून फिरत होतो. मी जितका जोरात फिरे, तितका काटा वर जाई. मी आणखी जोर लावला. काट्याने लाल रेषेला हात लावला, आणि बॉनेटमधून असा धूर निघाला की मागच्या गाडीचे बैल दोन पावले मागे सरकले.

बिजलीबाई नव्या लुगड्यात खाली उतरल्या. धुराकडे शांतपणे पाहिले.

"किसनराव, शिट्ट्या किती झाल्या?"

"अं?"

"नाई, भात झाला असन त उतरवा म्हटलं."

साक्षगंधाला आत्याबाई कापसाच्या ट्रॅक्टरवर बसून आल्या. अंबाड्यात रुई, मांडीवर पिशवी आणि चेहऱ्यावर विजय. सगळ्या पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या, "पोरगी एक नंबर आहे. पण लग्नाच्या दिवशी मी कार्यालयाच्या दारात पाण्याची बकेट घेऊन उभी राहीन."

लोक हसले. निशिगंधाही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, "आत्याबाई, बकेट आणाच. मी याच गाडीत येईन, अन् मीच चालवत येईन."

पाहुणे गेल्यावर किसनरावांनी आपला निर्णय जाहीर केला. "लग्नाच्या आधी एक डाव अजून उकळली, त भंगारवाल्याले देतो. लेकीच्या लग्नात हसं नाई पाह्यजे मले."

"बाबा, लग्नानंतर गाडी मले देतो म्हणले होते न तुम्ही? राजूरले ड्युटीवर कशानं जाऊ?"

"उकळणारी गाडी देऊन माहंच नाव उकळवू का?"

मित्रांनो, आता समजा. तिचा शब्द, तिची गाडी आणि माझा जीव एकाच काट्यावर लटकले होते.

मग उपचार सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला की दहा जण औषध सांगतात आणि गाडी आजारी पडली की वीस. कोणी पाणी काढून हिरवे कूलंट भरायला लावले. कोणी रेडिएटरचे झाकण बदलले. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी कधी सोडायचे ते ठरवणारी बिचारी झडप, काढून खिशात टाकली आणि म्हणाला, "आपल्या गरमीत हे लागतच नाई." भागीरथाबाईंनी समोरच्या जाळीला लिंबू-मिरच्या बांधल्या. प्रत्येकाने बॉनेट उघडून माझ्याकडे पाहिले, माझा आवाज ऐकला आणि शेरा दिला, "पंखा ओके."

माझी छाती फुगून गेली. सगळे संशयित, मी एकटा निर्दोष! आवाज मोठा असला की माणसाचे चारित्र्य कोणी तपासत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

दुरुस्ती झाली की गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहत. तिथे वारा आपणहून येई, काटा गुणी मुलासारखा मध्यावर बसे, आणि सगळे खूश. रांगेत शिरलो की पुन्हा काटा वर. किसनराव लगेच इंजिन बंद करून चहाच्या टपरीसमोर गाडी ढकलत, म्हणून उकळणे तेवढे टळले. त्या टपरीवर काळ्या नावाचा एक कुत्रा होता. थंडीचे दिवस. रांगेत इंजिन चालू असेपर्यंत तो गाडीसमोर येऊन जाळीकडे तोंड करून बसायचा आणि सुखाने डोळे मिटायचा. किसनराव म्हणायचे, "मुकं जनावर आहे, पण गाडीवर जीव आहे याचा." समोर टांगलेल्या लिंबू-मिरच्याही माझ्या वाऱ्याने बाहेरच्या बाजूला डुलायच्या. रोग काय आहे ते कुत्र्याला कळले होते आणि मिरच्यांना कळले होते. पण त्यांना कोणी विचारले नाही.

लग्नाला तीन दिवस उरले तेव्हा निशिगंधाने चावी उचलली. "आता कोणाचं ऐकणार नाई. अय्यूबचाचाकडं चाललो." किसनराव शेजारी बसले, बांगड्यांची पिशवी घेऊन भागीरथाबाई मागे बसल्या आणि आम्ही दिग्रसला निघालो.

अय्यूब मिस्त्रींचे गॅरेज जिनिंगच्या मागच्या गल्लीत आहे. त्याला लागूनच त्यांच्या बायकोचे, अनवरीबाईंचे, गाद्या-रजया भरायचे दुकान. बाहेर ओट्यावर पिंजलेल्या रुईचा ढीग, तोंडाला ओढणी बांधून अनवरीबाई गादीत रुई भरत बसलेल्या. निशिगंधाने जागा पाहून, नाक नेमके त्यांच्या ओट्याकडे करून गाडी उभी केली.

अय्यूब मिस्त्रींनी पान्हा उचलला नाही. आधी चहा सांगितला. मग विचारले, "उकळते कुठं?"

"गर्दीत," निशिगंधा म्हणाली.

"अन् रस्त्यानं?"

"नाई."

"चालत्या गाडीत ठीक, उभ्या गाडीत बिघाड. म्हणजे पाणी नाई, वारा. पंखा पाहावा लागन." त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितले.

माझे पाते थरथरले. पहिल्यांदाच कोणी माझे नाव घेतले होते! इंजिन तापले, मी सुरू झालो, आणि असा घुमलो की बॉनेट हादरले.

मिस्त्रींनी कान दिला. फ्यूज पाहिला, रिले पाहिला. "पंखा त फिरून राह्यला."

"मी कधीचा सांगून राह्यलो," किसनराव म्हणाले, "पंखा फस्ट क्लास आहे. दुसरं पाहा."

मिस्त्रींनी दुसरे पाहिले. थर्मोस्टॅट जागेवर नाही हे पाहून कपाळाला हात लावला आणि इंजिन बंद करून, निवू देऊन नवा बसवला. पुन्हा इंजिन सुरू केले. पंधरा मिनिटे गेली. मी पुन्हा घुमू लागलो आणि काटा पुन्हा चढू लागला. अर्धा. पाऊण. निशिगंधा स्टिअरिंग घट्ट धरून काट्याकडे पाहत होती. किसनरावांनी हळूच मोबाईल काढला आणि भंगारवाल्याचा नंबर शोधू लागले.

"बाबा, फोन ठेवा."

"फक्त विचारतो."

"बाबा!"

तेवढ्यात ओट्यावरून एक आकृती उठली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, भुवयासुद्धा पांढऱ्या. भागीरथाबाई दचकून एक पाऊल मागे सरल्या. त्या अनवरीबाई होत्या.

"ओ मिस्त्री! हटवा ही गाडी इथून! पाहा माह्यं तोंड!"

"जरा दम धर, काम चालू आहे."

"काय दम धरू? ढीग अर्धा उडाला! या गल्लीत वीस वर्षांपासून गाड्या उभ्या राहते. सगळ्या गाड्या माही रुई खाते. तुम्हीच जाळीतून काढता न चिमट्यानं? ही एकटी गाडी रुई थुकते!"

मिस्त्री चहाची बशी ओठाला लावून होते. ती तिथेच थांबली.

"काय म्हणली?"

"थुकते म्हणली! बहिरे झाले का गाड्यायच्या आवाजानं?"

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. बायकोच्या केसांतून रुईचा एक बोळा काढला ("अरे, केस ओढू नका!") आणि गाडीच्या जाळीसमोर नेऊन सोडला. खरे तर तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उडाला, हवेत गिरकी घेतली आणि किसनरावांच्या मिशीत जाऊन बसला.

माझा गर्रऽऽ आवाज चालूच होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली. मी हवा आत ओढतच नव्हतो, मित्रांनो. मी इंजिनाची गरम हवा उलटी रेडिएटरवर ढकलत होतो. ज्याला निववायचे त्यालाच भाजत होतो, आणि तेही जीव तोडून! मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा माझ्यापेक्षा बलवान, म्हणून गाडी वाचायची. गर्दीत माझ्याच हातात कारभार यायचा.

मिस्त्रींनी इंजिन बंद केले आणि फार गोड आवाजात विचारले, "किसनभाऊ, विहिरीवरची मोटर उलटी फिरली, त पाणी येते का?"

"कसं येईन? फिरते, आवाजही करते, पण पाणी नाई येत. शेंबडं पोरगंही सांगन."

"मग काय करता तुम्ही?"

"काय करतो म्हणजे? दोन वायरी अदलाबदल कर..."

किसनराव थांबले. मिशीतला बोळा हलला नाही.

मिस्त्रींनी बॉनेटमध्ये वाकून टेप गुंडाळलेला जोड बोटाने वर उचलला. "हा जोड कोणं मारला?"

किसनराव आकाशाकडे पाहू लागले, जसे काही मार्गशीर्षात पाऊस यायचा होता.

"मी सांगू का?" भागीरथाबाई म्हणाल्या. "का तुम्ही सांगता?"

"उंदरानं," किसनराव म्हणाले.

"उंदरानं कातरल्या. टेप उंदराच्या घरी नाई राहत."

निशिगंधा आधी हसली, मग तिने स्टिअरिंगवर डोके टेकले आणि इतकी हसली की हॉर्न वाजला. अनवरीबाई रुईसकट हसत होत्या. किसनरावांनी मिशीतला बोळा काढला, तळहातावर ठेवून पाहिला आणि म्हणाले, "गावातल्या साऱ्या मोटरी सरळ केल्या न माय मी. घरचीच उलटी लावली." मग त्यांनी तो मोबाईल खिशात ठेवला.

मिस्त्रींनी टेप सोडली, दोन वायरींची जागा बदलली आणि जोड नीट, पक्का केला. दोन मिनिटांचे काम. दोन महिने आम्ही त्याच्या भोवती प्रदक्षिणा घालत होतो.

इंजिन पुन्हा सुरू झाले. आता सगळे माझी वाट पाहत होते. किती वर्षांनी कोणी माझी वाट पाहिली! काटा मध्यावर आला. मी फिरू लागलो आणि समोरून गार, रुईचा वास असलेली हवा सरळ माझ्याकडे आली. अहाहा! विसरलोच होतो मी ही चव.

अनवरीबाईंनी बोळा सोडला. चप्! जाळीला चिकटला.

"खाल्ला!" निशिगंधा ओरडली. "चाची, खाल्ला!"

गाडी पाऊण तास उभ्या जागी चालू ठेवली. काटा मध्यावरून हलला नाही. तो बोळा काढायला मिस्त्रींनी चिमटा आणला, तर किसनराव म्हणाले, "राहू द्या एक. लग्न होऊ द्या."

लग्नाच्या दिवशी रांग नेहमीपेक्षा मोठी होती. दोन ट्रॅक्टर आडवे झालेले, बैलगाड्या मधोमध, सगळे एकमेकांना रस्ता द्यायला सांगत होते आणि कोणीच देत नव्हते. त्या सगळ्यात आमची पांढरी गाडी, मुंडावळ्या बांधून स्टिअरिंगवर बसलेली नवरी, शेजारी फेटा बांधलेला बाप. तो नवरीकडे पाहत नव्हता. काट्याकडे पाहत होता, जसे मतमोजणीला उमेदवार फळ्याकडे पाहतो.

"ओ नवरीबाई, हॉर्न मारू नोका, बैल बिचकते!"

"मग बैलाले सांगा न, मुहूर्त चुकून राह्यला म्हणून!"

पाच मिनिटे. पंधरा. तीस. किसनराव दर मिनिटाला म्हणायचे, "मध्यातच आहे." भागीरथाबाई मागून म्हणायच्या, "बोलू नका, नजर लागन." आणि मी? मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी फिरलो नाही. सगळी गर्दी, सगळा धूर, सगळी रुई माझी होती. टपरीवरचा काळ्या आला, नेहमीप्रमाणे समोर बसला, डोळे मिटले. थोड्या वेळाने डोळे उघडले. गरम झोत येईना. त्याने जाळीकडे असे पाहिले जसे मी त्याचे काही लुबाडले होते, आणि उठून निघून गेला. मला त्याचे फार वाईट वाटले. पण एवढेच.

मंगल कार्यालयाच्या दारात बिजलीबाई उभ्या होत्या. हातात बकेट, काठोकाठ भरलेली. वऱ्हाडातली निम्मी माणसे नवरीऐवजी बॉनेट पाहायला जमली होती. गाडी दारात थांबली. निशिगंधाने इंजिन लगेच बंद केले नाही, चालूच ठेवले. सगळे वाट पाहत राहिले. धूर नाही, वाफ नाही, शिट्टी नाही. फक्त माझा आवाज, आणि जाळीवर चिकटलेला रुईचा बोळा.

निशिगंधा खाली उतरली. "आत्याबाई, बकेट आणली वाटते?"

बिजलीबाईंनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. बकेटीकडे पाहिले. सगळ्या वऱ्हाडाकडे पाहिले. मग लुगडे सावरून त्या खाली वाकल्या.

"आणली म्हणजे? पाय धुवाले आणली. पुढं कर पाय, पोरी."

आणि त्यांनी नवरीच्या पायांवर पाणी घातले. गार पाणी, हळूहळू, काठोकाठ बकेट रिकामी होईपर्यंत.

मित्रांनो, आता मी राजूरच्या रस्त्यावर असतो. कोळशाचे ट्रक पुढे असले की माझी ड्युटी लागते. निशिगंधा महिन्यातून एकदा बॉनेट उघडते, माझ्या वायरी पाहते, रेडिएटरमधला कचरा झाडते. माझी विनंती एवढीच आहे. घरच्या जुन्या यंत्रांना अधूनमधून उघडून पाहा, त्यांच्या जोडांवर हात फिरवा, आणि जोड स्वतः मारला असेल तर लाज न वाटता सांगून टाका. दोन महिने वाचतात. आणि कोणी फार मोठ्याने घुमत असेल, तर लगेच शाबासकी देऊ नका. आधी त्याच्यासमोर रुईचा एक बोळा धरा.

माझा बोळा आता कोळशाने काळा पडला आहे. पण चिकटून आहे.